डबा उठेपर्यंत

बन्सी रणपिसेनं डब्याच्या पत्र्याला कान लावला आणि डोळे मिटले.

"पंखा हाय आत," तो म्हणाला.

"असतोच," डबा विकणारी शायना म्हणाली. "गरम होतो ना."

"फिरताना जरा घासतोय."

"आबा, पंखा वाजवायचा नाहीये. बाकीचं वाजवायचंय."

बँडचा मालक इनुस मास्तर हसला. बन्सी हसला नाही, म्हणून त्यानंही हसू आवरतं घेतलं. शिरूरच्या गुलशन ब्रास बँडमध्ये गेल्या तीस वर्षांत बन्सीच्या कानावरून गेल्याशिवाय एकही वाद्य आलं नव्हतं. इनुसचे वडील मालक होते तेव्हापासूनची ही रीत. वाद्य पितळेचं असो की चामड्याचं, आधी ते बन्सीपुढं ठेवायचं. तो टिचकी मारायचा, फुंकायचा, कान लावायचा आणि शेवटी ‘घ्या’ किंवा ‘राहू द्या’ यांपैकी एक म्हणायचा. मधलं काही म्हणायची त्याला सवय नव्हती. पुण्यात एकदा त्यानं एकाच दुकानातली ओळीनं सात ट्रंपेट नाकारली, तेव्हा वैतागलेल्या दुकानदारानं विचारलं होतं, "तुम्ही घ्यायला आलाय की तपासणीला?" बन्सी म्हणाला होता, "तपासणीला. घेणारे बाहेर चहा पित्यात."

आज तपासणीला आलेला डबा पितळेचाही नव्हता आणि चामड्याचाही. व्हीसीआरपेक्षा थोडा उंच, काळा, पुढच्या अंगाला एक निळी पट्टी आणि तिच्याखाली चार-पाच फिरक्या. शेजारच्या कीबोर्डची वायर त्याच्या पाठीत खुपसली, की कीबोर्डवर बोटं पडतील तसा हा आतून वाजायचा. स्टुडिओवाले कॉम्प्युटरमध्ये जे आवाज भरून ठेवतात आणि ज्यांना ते प्लगइन म्हणतात, ते सगळे ह्याच्या पोटात होते. म्हणजे कॉम्प्युटर घरी ठेवून वरातीत यायला मोकळं. एक बोट दाबलं की चाळीस व्हायोलिन. शिरूर-दौंड पट्ट्यातल्या कुठल्याच बँडवाल्यानं चाळीस व्हायोलिनवाले एका जागी पाहिलेले नव्हते, आणि पाहिले असते तरी त्यांच्या जेवणाचं काय करायचं हा प्रश्न होताच. डबा जेवत नव्हता. बँडमालकाला एवढा एक गुण पुरेसा असतो.

व्हायोलिनशिवाय डब्यात बासरी होती, सनई होती, आणि क्लॅरिनेट होतं.

बन्सी क्लॅरिनेट वाजवायचा.

मागच्या वर्षी त्याचे वरचे चार दात गेले आणि कवळी आली. क्लॅरिनेटचं तोंड वरच्या दातांनी धरावं लागतं. कवळीनं धरलं तर एका गाण्यापुरतं व्यवस्थित चालायचं. दुसऱ्या गाण्यात ती हलायची आणि सूर बोकडासारखा ओरडायचा. कारेगावच्या एका वरातीत हे नेमकं नवऱ्याच्या घोड्याशेजारी झालं. घोडा बुजला, नवरा वाचला. त्यावर बँडमध्ये कुणीच काही बोललं नाही. तीस-तीस वर्षं बरोबर वाजवणारी माणसं एरवी एकमेकांना शिवीशिवाय हाक मारत नाहीत. ती गप्प बसली, तेव्हा बन्सीला समजलं.

त्यानंतर महिन्याभरात इनुसचा मोठा मुलगा सोहेब यानं ह्या डब्याचा माग काढला. सोहेब बँडचा कीबोर्ड वाजवायचा आणि रांजणगावच्या कंपनीत शिफ्ट करायचा. आज त्याची फर्स्ट शिफ्ट होती, त्यामुळं डबा बघायला इनुस आणि डबा ऐकायला बन्सी असे दोघंच दौंडला आले. आपल्या जागेवर येणाऱ्याची मुलाखत आपणच घ्यायची, ही वेळ सरकारी नोकरीत कुणावर येत नाही. एसटीत न्हावऱ्यापासून चौफुल्यापर्यंत दोघं कांद्याच्या भावावर बोलले. दोघांपैकी कुणाकडंही शेत नव्हतं.

"क्लॅरिनेट लावा," इनुस शायनाला म्हणाला. म्हणताना त्यानं बन्सीकडं बघितलं नाही.

शायनानं एक फिरकी फिरवली. निळ्या पट्टीवर अक्षरं सरकली. मग ओढणी खांद्यावर मागं टाकून तिनं कीबोर्डवर एक संथ सुरावट वाजवली. हात सराईत होता. तिचा नवरा फिरोज पुण्यातल्या एका ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवायचा. तिथंच एका स्टुडिओवाल्याकडून त्यानं हा डबा घेतला आणि तीन महिन्यांत ऑर्केस्ट्रा बंद पडला. आता तो आखातात, दोह्याच्या एका हॉटेलात एसी दुरुस्त करत होता. डबा मागं राहिला, आणि तो चालवायचं ज्ञान शायनाकडं राहिलं. कुरकुंभ मोरीच्या अलीकडं दोन खोल्यांत दोन्ही पडून होतं.

खोलीत क्लॅरिनेट वाजत होतं. डोळे मिटले तर भिंतीशी माणूस बसलाय असं वाटावं, इतकं खरं. कोपऱ्यात लसूण सोलत बसलेली शायनाची सासू रशिदाबी तेवढी ढिम्म होती.

"ह्या डब्यानं माझ्या पोराचा सगळा पगार खाल्ला," ती म्हणाली. "वाजणार नाही तर काय."

बन्सी पुढं वाकून ऐकत होता. उजव्या हाताची बोटं गुडघ्यावर आपोआप उघडझाप करत होती. सुरावट लांबली, आणखी लांबली, तशी त्याची छाती वर येऊन तिथंच थांबली. शेवटी त्यालाच दम सोडावा लागला.

"ह्यो श्वास कुठं घेतो?" त्यानं विचारलं.

"घेतच नाही," शायना म्हणाली.

"आसं."

"कसा वाटला, मामा?" इनुसनं विचारलं.

बन्सीनं धोतराच्या सोग्यानं नाक पुसलं. एवढा वेळ घेतला की रशिदाबीनंही लसूण थांबवला.

"सूर खरा हाय," तो म्हणाला. "खोट काढायला जागा न्हाई."

इनुसनं मान हलवली. खूश झाल्यावर माणूस हलवतो तशी ती मान नव्हती. पण बन्सी त्या वेळी कीबोर्डकडं बघत होता. मग इनुसनं घड्याळ पाहिलं. शुक्रवार होता. त्यानं खिशातून टोपी काढली.

"जुम्म्याची नमाज करून येतो. मामा, तवर तुम्ही नीट घोळून बघा. समदं वाजवून घ्या. उगं भिडंला पडू नगा."

"मास्तर, मी कवा भिडंला पडलोय?"

चारचौघांत बन्सी त्याला मास्तर म्हणायचा आणि अहोजाहो करायचा. ज्याला चड्डीत असल्यापासून सरगम शिकवली त्याला मालक झाल्यावर काय म्हणायचं, यावर दोघांनी कधी न बोलता काढलेली ही तोड होती. दोघंच असले की तो नुसता इनुस असायचा.

इनुस गेला. शायनानं बासरी ऐकवली, सनई ऐकवली. चाळीस व्हायोलिन लावले तेव्हा बाहेरून मालगाडी गेली. व्हायोलिन कमी पडले. बन्सी प्रत्येक आवाजाला ‘हां’ म्हणत होता. सनईच्या मध्येच छताचा पंखा थांबला, बल्ब गेला, आणि निळी पट्टी काळी झाली.

"आज दोनला जायची होती लाइट," शायना दाराकडं बघत म्हणाली. "अजून दीडच वाजलाय."

"भारनियमनात आता नियम तेवढा न्हाई ऱ्हायला," बन्सी म्हणाला.

दोन मिनिटांत लाइट आली. बल्ब लागला, पंखा फिरला. शायनानं कीबोर्ड चालू केला, तो लगेच चालू झाला. डब्याचं बटण दाबलं. निळी पट्टी उजळली, तिच्यावर एक ओळ आली आणि थांबली. बन्सीनं कीबोर्डची एक पट्टी दाबून पाहिली. आवाज नाही. दुसरी दाबली.

"थांबा आबा. उठतोय तो."

"उठतोय म्हंजी?"

"आत कॉम्प्युटर आहे ना. वेळ लागतो."

"किती?"

शायनानं उत्तर द्यायच्या आधी ओढणी नीट केली. "लागतो थोडा."

बन्सीकडं घड्याळ नव्हतं. त्यानं मांडीवर बोटं ठेवली आणि मनातल्या मनात एक वरातीचं गाणं सुरू केलं. बोटं हलत राहिली, ओठ नुसते आवळलेले. मुखडा झाला, पहिला अंतरा झाला, दुसरा झाला. डब्याच्या पट्टीवर एक ओळ जाऊन दुसरी आली. गाणं संपलं. बन्सीनं तेच पुन्हा सुरू केलं. मुखडा ओलांडून अंतऱ्यात शिरला तेव्हा डब्यानं ‘टिक्’ केलं आणि ठेक्यावर कीबोर्डवर पडणाऱ्या त्याच्या डाव्या करंगळीखालून सनई निघाली.

"एक गानं आन् वर एक अंतरा," बन्सी म्हणाला.

"पाच मिनिटं," शायना म्हणाली. "माझा नवरा उठायला यापेक्षा जास्त घ्यायचा."

"म्हनून सकाळपासून चालू ठिवलाय व्हय?"

शायनाच्या आधी सासू बोलली.

"मीच म्हटलं तिला, चालूच ठेव म्हणून. मुलगी बघायला येतात तेव्हा ती झोपेतून उठताना दाखवतात का?"

बन्सीनं कीबोर्डवरून हात काढून घेतला.

"आबा," शायना हळूच म्हणाली, "आमच्या ऑर्केस्ट्रात स्टेजवर लाइट जात नव्हती, त्यामुळं कधी अडलं नाही. तुमच्यात अडेल का?"

अडेल की नाही हे सांगायला बन्सीइतका लायक माणूस जिल्ह्यात नव्हता. ब्रास आता नुसतं बँडच्या नावात उरलं होतं. ट्रंपेटवाले केव्हाच कंपन्यांत कंत्राटी लागले. बँड म्हणजे ढोल, ताशे, बन्सी, आणि एक हातगाडा. गाड्यावर दोन भोंगे, कीबोर्ड, आणि मागं दोरीनं बांधलेला छोटा जनरेटर. एका वरातीत जनरेटर तीन-चारदा तरी बंद पडायचा. कधी पेट्रोल संपायचं, कधी कुणी नाचता नाचता वायरीत पाय घालायचं, शिक्रापूरला तर हायवे ओलांडताना ट्रकवाले थांबत नाहीत म्हणून सगळं बंद करून गाडा पळवत न्यावा लागायचा. कीबोर्ड बटण दाबलं की चालू होतो. हा मात्र पाच मिनिटं घेणार. आणि वरातीत पाच मिनिटं म्हणजे फार. पहिल्या मिनिटाला नाचणारे थांबतात. दुसऱ्याला रस्त्यातच बसतात. तिसऱ्याला नवऱ्याचा मामा बँडवाल्याची आई काढतो. चौथ्याला मुलीकडचे विचारतात, हा बँड ठरवला कुणी. पाचव्या मिनिटाचं काही सांगता येत नाही.

"आबा?"

"इच्यार करतोय."

सांगितलं, तर इनुस डबा घेणार नाही. मग बन्सीची जागा राहील. नाही सांगितलं, तर इनुस डबा घेईल, पहिल्याच वरातीत तो झोपेल, आणि वायरीशिवाय सुरावट वाजवणारा एकच माणूस बँडमध्ये असल्यामुळं बन्सीला हाक येईल; तरीही जागा राहील. दोन्हीकडून आपलाच फायदा दिसतोय म्हटल्यावर बन्सीला स्वतःचा संशय यायला लागला.

त्याची बायको अंजना सकाळीच म्हणाली होती, "घिऊन टाका एकदाचा त्यो डबा, आन् बसा घरी निवांत." घरी निवांत बसणं म्हणजे काय हे बन्सीला शेजारच्या दगडोबावरून माहीत होतं. दगडोबा रिटायर झाल्यापासून ओट्यावर बसून जाणाऱ्या एसट्या मोजायचा आणि संध्याकाळी आकडा बायकोला सांगायचा. ती म्हणायची, "बरं." चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत बन्सी सुपारी न घेता वाजवायचा, तेवढा एक दिवस कुणी काढून घेणार नव्हतं. उरलेल्या तीनशे चौसष्ट दिवसांत शिरूरवरून एसट्या पुष्कळ जात होत्या.

टोपी घडी करत इनुस आत आला.

"काय मामा? बोला. घ्यायचा?"

रशिदाबीनं लसणाचं ताट बाजूला ठेवलं. शायना डब्यावरची नसलेली धूळ पुसू लागली. बन्सी तिच्या हाताकडं बघत होता. विकायला काढलेली वस्तू माणूस इतकी पुसत नाही.

"सूर खरा हाय," तो म्हणाला. "पन लाइट गेली की झोपतो. उठायला पाच मिनटं लागत्यात. वरातीत चालनार न्हाई." आणि मग, तीस वर्षांच्या सवयीनं, "ऱ्हाऊ द्या."

शायनाचा हात थांबला.

"ठाव हाय मला," इनुस म्हणाला. "घेऊ आपन."

आपण काही वेगळं ऐकलं असं वाटून बन्सीनं मान तिरकी केली.

"पाच मिनटं, मास्तर."

"व्हय. पाच मिनटं. सोहेबनं सायबर कॅफेत बसून समदं वाचलंय ह्याच्याबद्दल." इनुस शायनाकडं वळला. "ताई, त्या वायरी बी द्या समद्या. आन् गुंडाळायला एखादी जुनी चादर."

"तुम्हाला माहीत होतं?" शायना म्हणाली. तिचा आवाज चढला होता. "मग सकाळपासून मी मीटर कशाला फिरवत बसले!"

"चादर जुनीच देते हां," रशिदाबी म्हणाली.

भाव फोनवर ठरलेला होता, त्यामुळं व्यवहार चहा निवायच्या आत झाला. शायनानं डबा नीट बंद कसा करायचा ते दाखवलं, नुसतं बटण दाबायचं नाही, आधी त्याला विचारायचं. इनुसनं ते दोनदा म्हणून पाठ केलं. बन्सी दारात चपला घालून उभा होता. शायना डबा देताना म्हणाली, "आबा, राग नका धरू." तो म्हणाला, "तुझ्यावर कशाला धरू, बाई?"

परतीला पुन्हा एसटी होती. चौफुल्याला गाडी बदलली, तेव्हा कंडक्टरनं चादरीतलं ओझं बघून विचारलं, "काय हाय यात?" इनुस म्हणाला, "बाजा." कंडक्टरनं सामानाचं अर्धं तिकीट फाडलं. डबा इनुसच्या मांडीवर होता. बन्सीनं तो धरायला मागितला नाही.

केडगाव गेलं. कांद्याचा भाव कुणी काढला नाही.

"इनुस," शेवटी बन्सी म्हणाला.

"बोला मामा."

"तुला ठाव व्हतं, तर मला कशाला आनलं?"

"तुमच्या कानाबिगर आपन कवा वाद्य घेतलंय?"

"मी ऱ्हाऊ द्या म्हनलं."

"म्हनला की."

"तीस वरसात पैल्यांदा माझा शबुद मोडला तू. तुझ्या बापानं कवा मोडला न्हवता."

इनुसनं डब्यावरची चादर दोन्ही बाजूंनी ओढून सारखी केली. ती सारखीच होती.

"सोहेबनं पुण्यात दुसरा बघितला व्हता," तो म्हणाला. "नव्या पद्धतीचा. बटन दाबलं की वाजतो. दिवस दिवस बंद-चालू करा, काय न्हाई. आन् ह्याच्यापरीस स्वस्त."

"मग?"

"पोरगं आठ दिस भांडतंय माझ्याशी. म्हनतंय, अब्बा, तुमचं डोकं फिरलंय."

"आरं पन मग?"

गाडी पारगावच्या पुलावर आली. इनुस खिडकीतून नदीकडं बघत राहिला. नदीत बघण्यासारखं काही नव्हतं. एक म्हैस होती आणि ती बसलेली होती.

"मला ह्योच बरा वाटला," तो म्हणाला.

पूल संपला. बन्सी पुढच्या सीटच्या दांडीकडं बघत होता. त्यानं तोंड मिटून जिभेनं कवळी एकदा वर दाबून बसवली, सोडली, पुन्हा दाबली; एका गाण्यापुरती ती बसत होतीच. मग हात पुढं करून डब्याची एक बाजू आपल्या मांडीवर ओढून घेतली. ओझं दोघांवर आलं. न्हावऱ्याच्या अलीकडं रस्ता खराब होता. प्रत्येक खड्ड्याला दोघांनी तो चारही हातांनी धरला.

न्हावऱ्याला पाच-सहा माणसं उतरली, तेवढीच चढली. गाडी पुन्हा निघाली तसा बन्सी म्हणाला, "इनुस, जनरेटरात पेट्रोल किती घालतो आपन, वरातीला निघताना?"

"दोन लिटर."

"दीड घालत जा."

इनुसनं त्याच्याकडं बघितलं नाही. थोडा वेळ तो हिशेब केल्यासारखा छताकडं बघत बसला.

"सव्वा घालू, मामा," तो म्हणाला.